भांडण खरंच आहे का?

हंगामात कधी सकाळी लातूरच्या मार्केट यार्डात जाऊन उभे राहा. तुरीच्या, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. खरेदीदार येतो, हातातली टोकदार, पन्हळीसारखी पोकळ सळी पोत्याच्या पोटात खुपसतो आणि ओढून काढतो. मूठभर दाणे तळहातावर येतात. तो ते बोटानं पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो आणि भाव बोलतो. पोतं कुणी उलटं करत नाही. ओल, माती, कीड, जे काय असेल ते त्या मुठीतच सांगून जातं.

आता त्याच शहरातल्या दिवाणी कोर्टात चला. तिथं न्यायाधीशही कधीकधी नेमकं हेच करतात. साक्षीदार अजून पिंजऱ्यात आलेला नाही, उलटतपास झालेला नाही, पुराव्याचं पोतं शिवलेलंच आहे. टेबलावर दोन-चार शपथपत्रं आणि एखादा जुना कागद, बस्स. एवढ्यावरून त्यांना ठरवायचं असतं, की हा दावा पुढं पूर्ण चालवायचा, की इथंच निकाल द्यायचा.

साक्षीपुरावा न घेता निकाल? हे बरोबर कसं? मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हाच प्रश्न पडला होता. मग नियम वाचत गेलो, निकाल वाचत गेलो, आणि दर पानावर थबकत गेलो. माणसानं माणसांवर विश्वास ठेवण्याची आणि न ठेवण्याची इतकी बारीक मोजमापं कुणीतरी बसून तयार केली असतील, असं वाटलं नव्हतं.

आधी साधा दिवाणी दावा कसा चालतो ते डोळ्यांपुढं आणू. वादी दावा दाखल करतो. प्रतिवादीला समन्स निघतं. तो लेखी कैफियत देतो. त्यासाठी तीस दिवस, फार तर नव्वद. मग कोर्ट मुद्दे काढतं, म्हणजे भांडण नेमकं कशाकशावर आहे त्याची यादी करतं. मग सरतपास, उलटतपास, कागद शाबीत करणं, युक्तिवाद, निकाल. निकालानंतर अपील. अपिलानंतर दरखास्त, कारण हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे हातात आले असं होत नाही. प्रत्येक पायरीला तारीख. जमिनीच्या वाटणीचा, बांधाचा, वहिवाटीचा दावा असेल तर हे सगळं लागतंच. तिथं आजोबांच्या तोंडी वाटणीपासून खोदावं लागतं. पण ज्याच्याकडं समोरच्याच्या सहीचा कागद आहे, त्यानंही एवढा फेरा का घालावा?

एक कल्पनेतला दावा मांडू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लातूरच्या एका आडत्यानं नांदेडच्या मोंढ्यातल्या एका डाळमिलवाल्याला चाळीस क्विंटल तूर उधारीवर दिली. भाव सात हजार रुपये क्विंटल, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. डाळमिलवाल्यानं लातुरात बसून प्रॉनोट, म्हणजे वचनचिठ्ठी, लिहून दिली: तीन महिन्यांत देईन, बारा टक्के व्याज. खाली रेव्हेन्यू तिकीट, तिकिटावरून आडवी गेलेली सही. तीन महिने झाले. सहा झाले. फोनवर, “शेठ, थोडं थांबा.” मग फोन उचलणंच बंद.

ही गोष्ट दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही रोज घडत होती. तिथल्या व्यापाऱ्याजवळ सही केलेली हुंडी असायची, तरी देणेकरी कोर्टात काहीबाही कैफियत टाकायचा. जिंकण्यासाठी नव्हे, वेळ काढण्यासाठी. यात नुकसान एकट्या व्यापाऱ्याचं नव्हतं. हुंडी, वचनचिठ्ठी हे कागद या हातातून त्या हातात पैशासारखे फिरतात. अशा कागदावरचा पैसा कोर्टात वर्षानुवर्षं अडकू शकतो असं एकदा लोकांना कळलं, की तो कागद कुणी घेतच नाही. म्हणून १८५५ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा केला; कीटिंग यांच्या नावानं तो ओळखला जातो. त्यानं प्रश्नच उलटा केला. तोवर प्रतिवादीला बचाव करण्याचा हक्क आपोआप असायचा. आता अशा कागदांवरच्या दाव्यात त्यानं आधी कोर्टाला सांगायचं, की माझ्याकडं बचाव आहे, तो मांडू द्या. परवानगी मिळाली तर दावा चालेल. नाही मिळाली तर हुकूमनामा.

अकरा वर्षांत ही युक्ती हिंदुस्थानात आली, १८६६ च्या कायद्यानं. पुढं १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती सदतिसाव्या आदेशात जाऊन बसली. वकील तिला ‘समरी सूट’ म्हणतात, किंवा नुसतं ‘ऑर्डर थर्टी सेव्हन’. त्या नियमाच्या इंग्रजी मजकुरात कागदांची यादी आहे, आणि त्या यादीत चक्क ‘हुंडी’ हा आपला शब्द आहे. बाजारपेठांमध्ये शतकानुशतकं चाललेला आपला कागद आणि लंडनच्या व्यापाऱ्यांसाठी काढलेली आडवाट, दोघांची गाठ एका ओळीत पडली.

पण ही आडवाट बराच काळ मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या हायकोर्टांसारख्या मोजक्या कोर्टांपुरतीच होती. लातूर-नांदेडला तर ती लांबूनही दिसत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९०८ ची संहिता इथं लागू झाली तीच १९५१ मध्ये. मुंबईच्या पेढीवाल्याला जी सोय होती, ती मोंढ्यातल्या आडत्याला का नसावी? १९७६ च्या दुरुस्तीनं हायकोर्ट, सिटी सिव्हिल कोर्ट, स्मॉल कॉजेस कोर्ट यांच्या यादीखाली दोनच शब्द घातले: ‘इतर न्यायालये’. १ फेब्रुवारी १९७७ पासून ते लागू झाले आणि देशभरातल्या साध्या दिवाणी कोर्टांची दारं या वाटेला उघडली. मला कायद्याच्या पुस्तकातले हे दोन शब्द फार मोलाचे वाटतात.

आता आपला आडत्या कोर्टात जातो. तीन वर्षांच्या मुदतीत जायला हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्याच्या वकिलानं दाव्यात स्पष्ट लिहायचं, की हा दावा सदतिसाव्या आदेशाखाली आहे आणि या आदेशात न बसणारी कुठलीही मागणी यात नाही. वर, दाव्याच्या क्रमांकाच्या बरोबर खाली, कंसात तशी एक ओळ ठळक लिहायची. क्रमांकाच्या खालीच का? कारण कागद हातात घेताक्षणी बेलिफापासून प्रतिवादीपर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे, की हे नेहमीचं समन्स नाही, इथं घड्याळ वेगळं चालतं.

आणि घड्याळ खरंच वेगळं आहे. समन्स लातूरहून निघतं, नांदेडच्या कोर्टामार्फत तिथला बेलीफ ते मोंढ्यात नेऊन बजावतो. त्या दिवसापासून दहा दिवस. एवढ्यात डाळमिलवाल्यानं नुसतं ‘मी हजर आहे, माझा पत्ता हा’ एवढं कोर्टात नोंदवायचं. नाही नोंदवलं, तर दाव्यातलं सगळं त्याला कबूल आहे असं धरून आडत्याला हुकूमनामा मिळू शकतो. कागद आला की ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणून तो कपाटावर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कळकळीनं सांगतो, कपाटावरच्या त्या दहा दिवसांत घरं गेलेली आहेत.

तो हजर झाला, तर आडत्यानं दुसरं समन्स बजावायचं: निकालासाठीचं समन्स. त्याला जोडलेलं शपथपत्र मला या सगळ्या यंत्रातला सर्वांत नवलाचा पुर्जा वाटतो. त्यात वादी रक्कम आणि दाव्याचं कारण तर शपथेवर सांगतोच. पण शिवाय असंही सांगतो, की माझ्या समजुतीप्रमाणे प्रतिवादीकडं या दाव्याला कसलाही बचाव नाही. विचार करा, समोरच्याच्या मनात काय आहे याबद्दल हा शपथ घेतोय! नुसतं ‘माझे पैसे द्या’ म्हणून भागत नाही. ‘त्याच्याजवळ उत्तर नाही’ एवढी खात्री असेल तरच या वाटेला यायचं.

पुन्हा दहा दिवस. आता डाळमिलवाल्यानं बचावाची परवानगी मागायची. सोबत शपथपत्र, आणि त्यात आपली हकीकत.

इथं येऊन न्यायाधीशांच्या हातात ती सळी येते.

प्रश्न काय आहे ते नीट ऐका. ‘खरं कोण बोलतंय?’ हा प्रश्न या टप्प्याला नाहीच. तो विचारला तर साक्षीदार बोलवावे लागतील. प्रश्न एवढाच: ‘इथं तपासण्याजोगं काही आहे का?’ दोन माणसं कोर्टात उभी आहेत म्हणजे त्यांच्यात भांडण आहे, असं आपण गृहीत धरतो. कायदा धरत नाही. तो म्हणतो, आधी भांडण आहे का ते बघू. एकाला द्यायचं आहे, दुसऱ्याला घ्यायचं आहे आणि मध्ये नुसतं ‘नको’ आहे, तर ते भांडण नव्हे, ती टाळाटाळ.

पण टाळाटाळ आणि खरा बचाव कागदावर सारखेच दिसतात. मग ओळखायचं कसं? ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन खुंट्यांवर जगातले सगळे बचाव टांगता येतील? नाही येणार. म्हणून न्यायालयांनी मध्ये पायऱ्या बांधल्या. १९४५ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं एका खटल्यात त्यांची मांडणी केली. नोव्हेंबर १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेकॅलेक इंजिनिअर्सच्या खटल्यात ती उचलून धरली. भांडण होतं एकवीस हजारांच्या आसपासच्या न वटलेल्या चेकचं. १५ नोव्हेंबर २०१६ ला त्याच न्यायालयानं पायऱ्या नव्यानं घडवल्या, आणि तो खटला आपल्या मुंबईचा होता: आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन. रक्कम ऐकाल तर चक्रावून जाल. मुंबई हायकोर्टानं बिनशर्त परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं मुद्दलाचे ४१८ कोटी रुपये भरा किंवा तेवढ्याची हमी द्या, मग बचाव करा, असं सांगितलं. एकवीस हजारांचा चेक असो, ४१८ कोटी असोत की आपल्या आडत्याचे दोन लाख ऐंशी हजार, जिना तोच.

चला, डाळमिलवाल्याला या जिन्यावर उभं करून बघू. त्याच्या तोंडी वेगवेगळी उत्तरं घालू.

तो म्हणतो, “पैसे मी दिले. हा बँकेचा उतारा, ही तारीख, ही त्यांच्याच खात्यात गेलेली रक्कम.” हा भक्कम बचाव. आडत्या दावा हरण्याची चिन्हं आहेत. परवानगी बिनशर्त.

तो म्हणतो, “तूर भिजून आली. चाळीसातली पंधरा क्विंटल काळी पडली होती. त्याच दिवशी मी फोटो पाठवले, हे बघा.” आता तूर लातुरात भिजली की वाटेत, काळी होती की नुसती डागी, हे न्यायाधीशांना माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही. तपासण्याजोगा मुद्दा निघाला. तो पुढं टिकेलच असं नाही, तरी सहसा परवानगी बिनशर्तच.

तो म्हणतो, “ती प्रॉनोट तारण म्हणून दिली होती, व्यवहाराची नव्हेच.” होऊ शकतं, बाजारात अशा कोऱ्या सह्या दिल्या-घेतल्या जातात. पण आडत्याच्या वकिलाच्या नोटिशीला यानंच चार महिन्यांपूर्वी उत्तर पाठवलंय: दिवाळीपर्यंत थांबा, सगळे देतो. तेव्हा तारणाचा शब्द नव्हता. आता सळीतून आलेल्या दाण्यांत खडा लागला. मुद्दा आहे, पण तो मनापासूनचा आहे का याची शंका आहे. मग परवानगी मिळते, पण शर्तीवर: काही रक्कम कोर्टात भरा, किंवा हमी द्या, किंवा दावा ठरावीक मुदतीत चालवा.

तो म्हणतो, “लातूरच्या गंजगोलाईत भेटून सगळे रोख दिले. पावती घेतली नाही. नोट परत घ्यायची राहून गेली.” अशक्य? नाही. पण पावणेतीन लाख रोख द्यायचे आणि आपल्या सहीचा कागद दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून घरी यायचं, हे मोंढ्यात मुरलेल्या माणसाकडून घडेल असं वाटत नाही. घडू शकतं पण घडलं असेल असं वाटत नाही, यालाही वेगळी पायरी आहे! इथं शर्त आणखी जड होते. वेळ पडली तर पूर्ण मुद्दल व्याजासकट भरायला सांगता येतं.

तो म्हणतो, “यंदा मंदी आहे. पाऊस नाही, गिरण बंद आहे, देऊ कुठून?” माणूस म्हणून आपलं काळीज हलतं. मराठवाड्यात ही हकीकत खोटी असण्यापेक्षा खरी असण्याचीच शक्यता जास्त. पण ऐपत नसणं हे देणं नसल्याचं कारण होत नाही. कोर्टाला इथं तपासायला काहीच उरत नाही. परवानगी नाही, हुकूमनामा. हे मला दरवेळी बोचतं, आणि तरीही बरोबर वाटतं. ऐपतीचा विचार हप्ते पाडताना, वसुलीच्या वेळी होऊ शकतो. देणं आहे की नाही या प्रश्नात तो मिसळला, तर उधारीवर माल देणारा उद्या त्याच गरजू माणसाला दारातूनच परत पाठवील.

आणि शेवटी तो म्हणतो, “दोन लाख देणं आहे, कबूल. वरच्या ऐंशी हजारांबद्दल भांडण आहे.” मग कबूल असलेले दोन लाख आधी कोर्टात आणा. तेवढे आणल्याशिवाय उरलेल्यावर भांडायची परवानगी नाही. किती साधं, आणि किती चोख!

या जिन्याकडं मी पुन्हा पुन्हा बघतो. विश्वास ही मोजता न येणारी गोष्ट. पण इथं ती मोजलीय, पैशात. जेवढी शंका तेवढी अनामत. सोनार कसावर सोनं घासतो आणि रेघेच्या रंगावरून कस सांगतो, तसं काहीसं.

आता भीती दुसऱ्या बाजूची. न्यायाधीश फारच कडक निघाले तर? खरा बचाव असलेल्या गरीब माणसाला भरता येणार नाही एवढी शर्त घातली, तर ती परवानगी कसली? ही भीती कायद्यालाही वाटलेली आहे, आणि त्याबाबतीत एक जुना निकाल मला फार आवडतो. १९५८ चा, संतोष कुमार विरुद्ध भाई मूल सिंग. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते.

दावा साठ हजारांच्या न वटलेल्या चेकचा. प्रतिवादी म्हणाला, तो चेक मालाच्या किमतीचं तारण म्हणून होता. किंमत मी रोखीनं आणि दुसऱ्या चेकांनी फेडली, आता हा चेक मला परत मिळायला हवा. खालच्या कोर्टाला मुद्दा तपासण्याजोगा वाटला. पण त्यानं म्हटलं, तू याचा कागदी पुरावा जोडला नाहीस, म्हणून हमी दे. बोस यांनी नेमकी चूक पकडली. पुरावा देण्याची वेळ बचावाची परवानगी मिळाल्यानंतर येते. परवानगी मागतानाच पुरावा आणला नाही म्हणून दंड कसा लावता? मुद्दा खरा असू शकतो असं तुम्हीच म्हणता, मनापासूनचा नाही असंही म्हणत नाही, तर शर्त कशासाठी? त्यांनी ती काढून टाकली.

मघाशी आपल्या डाळमिलवाल्यानंही ‘तारण’च म्हटलं होतं ना? त्याला शर्त, आणि साठ हजारवाल्याला बिनशर्त. का? फरक शब्दांत नव्हता. फरक होता नोटिशीच्या त्या उत्तरात, ‘दिवाळीपर्यंत थांबा’मध्ये. बचाव तोच, शंकेला जागा करून देणारी गोष्ट एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. म्हणून मूठभर दाणेही नीट बघावे लागतात.

मेकॅलेकच्या खटल्यातही असंच घडलं होतं. प्रतिवादीनं चेक दिल्याचं कबूल केलं, पण वादीशी आपला करारच नव्हता असं त्याचं म्हणणं होतं. खालच्या न्यायाधीशांनी बिनशर्त परवानगी दिली, दिल्ली हायकोर्टानं ती फिरवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायाधीशांचाच निर्णय पुन्हा जागेवर ठेवला. त्या निकालात न्या. बेग यांनी आणखी एक पायरी ठेवली होती. बचाव अगदीच पोकळ दिसत असला, तरी पूर्ण रक्कम कोर्टात आणून ठेवली तर दया म्हणून एक संधी देता येईल. ‘दया’ हा शब्द दिवाणी प्रक्रियेत! २०१६ च्या निकालानं ती पायरी काढली, कारण मधल्या काळात नियमाचे शब्द बदलले होते: पोकळ बचावाला आता सरळ नकार. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बी. एल. कश्यप अँड सन्सच्या खटल्यात पुन्हा आठवण दिली, की परवानगी देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. दार किती उघडं ठेवायचं याची ही खेच अजून चालू आहे, आणि चालू असावी असं मला वाटतं.

इथं एक वळण घेऊ. आपल्या दाव्याची रक्कम मी मुद्दाम तीन लाखांच्या आत ठेवली होती. तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा व्यापारी वाद असेल, तर तो २०१५ च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यात जातो. ही मर्यादा आधी एक कोटी होती. एक कोटीत मोंढ्यातले किती वाद बसणार? २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आणली, आणि हा कायदा मोठ्या कंपन्यांकडून भुसार व्यापाऱ्यांपर्यंत उतरला. तिथं तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला बसणं सक्तीचं आहे. मध्यस्थीत जमलं नाही, तर पुढं संहितेत नव्यानं घातलेला आदेश तेरा-अ आहे.

तेरा-अ आणखी धीट आहे. सदतिसाव्यात ठरावीक कागद किंवा ठरलेली रक्कम लागते. तेरा-अ मध्ये तसं बंधन नाही. आणि वादीच काय, प्रतिवादीसुद्धा उठून म्हणू शकतो, ‘साहेब, या दाव्यात जीव नाही, आताच निकाल द्या.’ समन्स बजावल्यानंतर आणि मुद्दे निघण्याआधी हा अर्ज करायचा. समोरच्याला उत्तराला तीस दिवस. मग न्यायाधीश बघतात: या बाजूला जिंकण्याची खरीखुरी आशा आहे का, आणि साक्षी ऐकायलाच हव्यात असं दुसरं काही ठोस कारण आहे का? ‘खरीखुरी आशा’ हे माप इंग्लंडच्या नव्या दिवाणी नियमांतून आलं. अमेरिकेतल्या संघराज्याच्या कोर्टांनी १९३८ मध्येच सगळ्या तऱ्हेच्या दिवाणी दाव्यांना अशी वाट करून दिली होती. आपण ती व्यापारी वादांपुरती उघडली. सदतिसाव्या आदेशाखालीच दाखल केलेल्या दाव्याला मात्र तेरा-अ चालत नाही. एका दाव्यात दोनदा सळी खुपसायची नाही.

धाकटी भावंडं आणखी दोन आहेत, आणि ती जमिनीच्या दाव्यांतही चालतात. एक, दावाच नुसता वाचून बघायचा. वादीचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं धरलं तरी हक्काचं कारण निघत नसेल, किंवा मुदत टळल्याचं त्याच कागदावर दिसत असेल, तर तो तिथंच फेटाळायचा. दोन, प्रतिवादीनं कैफियतीत किंवा दुसरीकडं स्वच्छ कबुली दिली असेल, तर त्या कबुलीपुरता निकाल लगेच द्यायचा. वाटणीच्या दाव्यात एखाद्या भावानं ‘हो, गावठाणातलं घर सामाईक आहे’ असं लिहून दिलं, तर त्या घरापुरतं अडायचं कारण नाही. शेतावरचं भांडण चालू दे.

आता पुन्हा लातूरच्या कोर्टात येऊ. डाळमिलवाला तारणाची हकीकत सांगून बसलाय. न्यायाधीश दोन्ही शपथपत्रं वाचतात, नोटिशीचं ते उत्तर वाचतात, प्रॉनोट उजेडाकडं धरून तिकिटावरची सही बघतात. ती सही खरी असल्याचं तोही नाकारत नाही. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा म्हणतो, की अशी नोट मोबदल्यापोटीच दिली असं धरून चालायचं, उलट शाबीत होईपर्यंत. सगळं आडत्याच्या बाजूनं दिसतंय. तरीही न्यायाधीश हुकूमनामा देत नाहीत. ते लिहितात: प्रतिवादीनं चार आठवड्यांत एक लाख चाळीस हजार रुपये कोर्टात जमा करावेत, जमा केल्यास बचावाची परवानगी, न केल्यास वादीला निकाल.

दोघंही बाहेर येतात. आडत्या नाराज आहे, अर्धेच का म्हणून. डाळमिलवाला नाराज आहे, अर्धे तरी का म्हणून. हुकमाविरुद्ध छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात जाता येईल, असं त्याचा वकील हळू आवाजात सांगतोय. या चार आठवड्यांत आता कुणी कुणाला काही विचारणार नाही, साक्ष नाही, उलटतपास नाही. नांदेडला परतताना बसमध्ये डाळमिलवाल्याला स्वतःशीच ठरवायचंय: जी हकीकत मी शपथेवर सांगितली, तिच्यावर माझे एक लाख चाळीस हजार लावायला मी तयार आहे का?

सव्विसाव्या दिवशी दुपारी तो नाझराच्या खिडकीपुढं उभा असेल, हातात चलन घेऊन, किंवा नसेल.